पूजेतली बॅग

चौरंगावर लाल खण अंथरून आघाव सिस्टरांनी प्रसूतिगृहातली अवजारं मांडली होती. कात्र्या, चिमटे, बीपीचं यंत्र, बाळाचा वजनकाटा आणि मधोमध, मानाच्या जागी, नवी कोरी बॅग-मास्क. प्रत्येकाला हळदीकुंकवाचं बोट लागलं होतं, प्रत्येकावर झेंडूचं फूल होतं. उदबत्तीच्या वासापुढे फिनेलनं हात टेकले होते.

"या या मॅडम, बरोबर आरतीला आलात," डॉ. डोईफोडे म्हणाले. आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी ते. कोवळा पोरगा, नोकरीचं पहिलंच गाव. हातात फोडायचा नारळ.

मी दारातच थांबले. "डॉक्टर, ती बॅग तिथं कशाला?"

"आज खंडेनवमी ना! अवजारांची पूजा."

त्या काळात मी जिल्ह्याच्या प्रशिक्षण केंद्रात नर्सेसना शिकवत असे. जन्मताच न रडणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यायचा, हे प्रत्येक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला शिकवायचं आणि शिकल्यावर साधनही हातात द्यायचं, अशी सरकारची योजना आली होती. रबरी बाहुली मांडीवर घेऊन बोलून बोलून श्रावणात माझा घसा बसला होता. आता केंद्राकेंद्रावर जाऊन शिकवलेलं किती उरलंय, का पालथ्या घड्यावर पाणी, हे बघायचं होतं. दौऱ्याची तारीख काढणाऱ्या साहेबांनी पंचांग पाहिलं नव्हतं. मी ख्रिस्ती. मला तर नवमी आहे हे वाटेत ट्रॅक्टरांचे हार पाहून कळलं.

बॅग म्हणजे नारळाएवढा रबरी फुगा. दाबला की हवा पुढे जाते, सोडला की तो आपला आपण फुगतो. पुढच्या टोकाला एक नाजूक झडप आणि झडपेपुढे बाळाच्या नाकातोंडावर बसणारा छोटा मास्क. चौरंगावर ती बॅग अशी ठेवली होती, की मास्कचं तोंड वर. देवापुढच्या वाटीसारखंच दिसत होतं ते. आणि वाटी दिसल्यावर आपल्या माणसांचा हात जे करतो तेच झालं होतं. त्यात अक्षता होत्या, झेंडूच्या पाकळ्या होत्या, वरून पळीभर पाणीही पडलेलं असावं.

"ती आधी उचला," मी म्हणाले.

आघाव सिस्टरांचा चेहरा पडला. पन्नाशीच्या आसपासची, रुंद कपाळाची, प्रेमळ बाई. माझ्या वर्गात पहिल्या ओळीत बसायची, सगळ्यात जास्त प्रश्न विचारायची. "मॅडम, पूजा झालीया. उद्या सकाळी दसऱ्याला उत्तरपूजा झाली की उचलतेच की."

"आणि मधे कुणी बाळंतीण आली तर?"

"मॅडम," डोईफोडे हळूच म्हणाले, "तुमच्यात नसेल. पण आमच्यात आजच्या दिवशी अवजाराला हात लावत नाहीत."

"माझ्यातही बाळं न रडता जन्माला येतात, डॉक्टर."

माझ्या जिभेला हाड नाही असं आमच्या प्रशिक्षण केंद्रात म्हणत, आणि ते खरंच होतं. शिपाई आरतीचं ताट धरून माझ्याकडे असा बघत होता, की जणू मी चौरंगालाच लाथ मारलीय. शेवटी आघाव सिस्टरच मधे पडल्या.

"मॅडमचं खरं हाय. गरज पडली तर मी उचलीन ना. देव काय लेकराच्या आड येतोय व्हय?" मग मला कोपरानं ढोसून, "आधी चहा घ्या. रिकाम्या पोटी भांडू नये."

चहा त्यांच्या क्वार्टरमध्ये घेतला. केंद्राच्या मागेच दोन खोल्या. ओट्यावर त्यांची मुलगी वैजयंता झेंडूची माळ ओवत बसली होती. पोट इतकं खाली आलेलं, की मी चहाआधी तेच पाहिलं.

"किती दिवस उरलेत ग?"

"भरलेतच की," ती हसून म्हणाली. "सकाळधरनं कंबर दुखायलीय."

आघाव सिस्टर मला आत घेऊन गेल्या, आवाज खाली आणला. "तिचं दुसरं हाय हे. पहिलं सासरी झालं. तिकडच्या दवाखान्यात. मुलगा होता. रडलाच नाही मॅडम. त्यांच्याकडं बॅग नव्हती, कुणाला काही येत पण नव्हतं. नुसतं उलटं धरून पाठीत मारत बसले." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "तवाच ठरवलं, हिचं दुसरं माझ्या हाताखाली. बॅगेसाठी जिल्ह्याला किती हेलपाटे घातले, तुम्हाला माहीत हाय. बॅग आली तवा मी तिला देव्हाऱ्यासमोर ठेवलं होतं. पूजा करू नको तर काय करू?"

ज्या बाईनं त्या रबरी फुग्यासाठी साहेबांचे उंबरे झिजवले, तिला त्याच्यात देव दिसला तर तिचं काय चुकलं? पण मला राहून राहून ती वाटी आठवत होती, आणि चहा काही गोड लागेना.

दुपारी वैजयंताला कळा सुरू झाल्या. दवाखाना सुना होता. सणामुळे रुग्ण नव्हते, दुसरी नर्स गावी गेलेली. अँब्युलन्स हार घालून उभी होती, पण ड्रायव्हर घरी पूजेला गेला होता. मोठं रुग्णालय घाटाखाली. मी खांद्यावरची पिशवी उतरवली आणि हात धुतले.

"तुम्ही तिच्या डोक्याशी उभ्या राहा," मी आघाव सिस्टरांना सांगितलं. "आईनं मुलीचं बाळंतपण करू नये. डॉक्टर बाळ काढतील, मी बाळ बघते."

"बरं." त्यांनी एकदाही हुज्जत घातली नाही. तेवढ्यात पाणमोट फुटली, आणि पाणी हिरवं होतं.

ज्यांनी हे काम केलंय त्यांना या रंगाचं काय ते सांगावं लागत नाही. बाळानं पोटातच शी केलेली. बाळ आत गुदमरतंय. डोईफोड्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी आघाव सिस्टरांकडे.

"सिस्टर, बॅग."

त्या चौरंगापाशी गेल्या. क्षणभर हात जोडून उभ्या राहिल्या. "देवा, माफी कर. लेकरासाठी उचलते," असं पुटपुटल्या आणि बॅग उचलली. मास्कमधल्या अक्षता, पाकळ्या झटकल्या, स्पिरिटच्या बोळ्यानं आतबाहेर पुसली आणि मला आणून दिली. मी शिकवते ते मी स्वतः विसरत नाही. मास्कवर तळहात दाबून बॅग आवळली. हाताला घट्ट विरोध लागला. बॅग चांगली होती. पुन्हा आवळली. चांगलीच होती.

"ठीक आहे," मी म्हणाले. आघाव सिस्टरांनी एवढा मोठा श्वास सोडला, की तिथं पडल्या पडल्या वैजयंताही हसली.

मुलगी झाली. डोक्यावर दाट केस, अंग निळसर, आणि हातापायांत काही ताण नाही. रडली नाही. आम्ही पुसली, तळवे चोळले, तोंडातली घाण ओढून काढली. नाहीच. मी तिला ऊब देणाऱ्या वॉर्मरखाली घेतलं, मान सरळ केली, मास्क बसवला, बॅग दाबली.

छाती वर आली.

"आली, आली," आघाव सिस्टर मागून म्हणाल्या. दुसऱ्यांदाही आली. मला वाटलं, झालं, ही वाचली. तिच्या ओठांवर मी रंग येताना पाहिला, हे मी शपथेवर सांगते.

मग छाती हलेना.

बॅग हाताला हलकी लागायला लागली. आमच्या शिकवणीत याचा क्रम आहे. मास्क सैल असेल, नीट बसवा. मान वाकली असेल, सरळ करा. तोंडात काही असेल, काढा. तोंड थोडं उघडा. जोर वाढवा. मी एकेक केलं. बाहुलीवर हजारदा केलेलं, झोपेत विचारलं तरी सांगेन असं. बॅग तपासलेली होती, त्यामुळे दोष बॅगेत असेल हे त्या क्रमात कुठेच नव्हतं.

"मॅडम, ठोके कमी झाले," डोईफोडे म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता.

मी बॅग टाकली आणि तिच्या नाकातोंडावर माझं तोंड ठेवलं. गालातली हवा, थोडी थोडी. छाती हलली. डॉक्टर दोन बोटांनी छाती दाबत होते. वैजयंता विचारत होती, "रडली का? आये, रडली का गं?" पुन्हा पुन्हा तेच. बऱ्याच वेळानं डॉक्टरांनी हात काढला. मी तरी थांबले नाही. शेवटी आघाव सिस्टरांनीच माझ्या खांद्याला धरून मला मागे ओढलं.

"राहू द्या मॅडम," त्या म्हणाल्या. "गेली ती."

मी बॅग घेऊन मागच्या नळावर गेले. कशासाठी, ते मला पुरतं कळत नव्हतं. झडपेचा भाग फिरवून उघडला. झडपेची पातळ रबरी पापणी आणि कडा यांच्या मधे, कुंकवानं लाल झालेला, तांदळाचा एक दाणा अडकला होता. पापणी मिटतच नव्हती. मी तपासली तेव्हा तो कुठेतरी भिंतीला चिकटून असणार. दाबता दाबता सुटून नेमका तिथं जाऊन बसला होता. मी दाबलेली सगळी हवा बाळाकडे न जाता झडपेतूनच बाहेर निसटत होती.

मागे पावलं वाजली. मी नळ सोडला. दाणा मोरीत गेला, कुंकवाचं पाणी गेलं, झडप स्वच्छ झाली.

"मॅडम," आघाव सिस्टर म्हणाल्या. डोळे कोरडे होते, आणि मला त्याचीच भीती वाटली. "बॅग चालली ना नीट?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. ज्या हातानं त्यांनी अक्षता वाहिल्या तो हात त्यांनी दुसऱ्या हातात घट्ट धरला होता. खरं सांगितलं असतं तर ती बाई त्या रात्री विहिरीकडे गेली असती, असं मला वाटलं. मला तिथं दुसरं काही सुचलं नाही.

"चालली," मी म्हणाले. "बॅग ठीक होती. बाळातच त्राण नव्हतं."

त्यांनी मान हलवली, बराच वेळ हलवत राहिल्या. "म्हणजे मीच. पूजेतून उठवायला नको होतं."

"सिस्टर, असं काही नसतं!"

"तुमच्यात नसेल मॅडम," त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता. नुसतं सांगत होत्या.

मी निघाले तेव्हा फाटकाशी वैजयंताच्या सासरची माणसं आली होती. एक म्हातारी मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "हीच ती. हिनंच पूजा मोडायला लावली." मी खाली बघून जीपमध्ये बसले. एरवी मी उतरून दोन शब्द सुनावले असते. त्या दिवशी मला वाटलं, मला म्हणतायत ना, म्हणोत. आघाव सिस्टरांना तर नाही ना म्हणत.

शहाणपण केलं असं मला महिनाभर वाटत राहिलं.

दिवाळीनंतर उजळणीचा वर्ग होता. जिल्ह्यातल्या निम्म्या केंद्रांच्या सिस्टर आल्या होत्या. वर्गाआधी व्हरांड्यात चहा चालला होता आणि मी खिडकीआड उपस्थिती बघत होते.

"पुढच्या नवमीला मी तर प्रसूतिगृहाला कुलूपच घालणार," एक म्हणाली.

"का ग?"

"आघाव सिस्टरची नात ऐकली नाहीस? पूजेतनं अवजार उठवलं, लगेच फळ मिळालं. आमच्याकडं पण बाई आली होती नवमीला. मी हातच लावला नाही. दिली पुढं पाठवून."

"मग? पोचली का ती?"

"रस्त्यातच झालं म्हणं. लेकराचं काय झालं, कुणाला माहीत."

एका बाईला वाचवायला मी जे खोटं बोलले होते, ते माझ्याआधी जिल्हाभर फिरून आलं होतं. मोरीत सोडलेला तो दाणा तिथं राहिलाच नव्हता. त्याची आता एक कहाणी झाली होती, आणि ती कहाणी सांगत होती, की बाळ मेलं तरी चालेल, बॅगेला हात लावू नका.

मला संताप आला. त्यांचा आलाच, पण जास्त माझा. मी वर्गात गेले आणि फळ्यावर काढलेलं सगळं पुसून टाकलं.

"आज बाहुली नाही," मी म्हणाले. "बॅग आणायला सांगितल्या होत्या, सगळ्यांनी आणल्यात ना? ठेवा टेबलावर. आता झडप उघडा."

एकमेकींकडे बघणं सुरू झालं. झडप उघडायला श्रावणात कुणी शिकवलंच नव्हतं. तो धडा माझ्या वर्गातही नव्हता. "मॅडम, मोडंल ना," कुणीतरी म्हणालं.

"मोडली तर मी भरून देते. अशी धरा, अशी फिरवा. पांढऱ्या कागदावर धरा."

पहिल्या टेबलावर काही निघालं नाही. दुसऱ्यावर कागदावर पिवळट भुकटी पडली. हळद. तिथली सिस्टर ओशाळून हसली. तिच्या मागच्या बाकावर झेंडूची सुकलेली पाकळी निघाली, आणि मग खिडकीजवळच्या एकीनं "अगंबाई" म्हणून तोंडावर हात धरला. तिच्या कागदावर तांदूळ होते. व्हरांड्यात कुलपाची गोष्ट करणारी होती ना, ती तीच. तिच्या शेजारणीच्या झडपेवर कुंकू असं वाळलं होतं, की पापणी उघडतच नव्हती. हसणं थांबलं. एकेक जण उठून दुसरीच्या कागदावर वाकून बघत होती. किती केंद्रांमध्ये, किती दिवस, हे असंच कपाटात बसून कुणाच्या तरी बाळाची वाट बघत होतं कोण जाणे.

आघाव सिस्टर या वेळी शेवटच्या ओळीत बसल्या होत्या. खूप वाळल्या होत्या. त्यांनीही बॅग उघडली होती आणि आपल्या कागदाकडे बघत होत्या. त्यांचा कागद कोरा होता.

त्यांनी झडप उजेडाकडे धरली, बोट फिरवून पाहिलं. मग शेजारणीच्या कागदावरच्या तांदळाकडे पाहिलं. मग पुन्हा आपल्या झडपेकडे. मला सगळं दिसत होतं.

त्या उभ्या राहिल्या.

"मॅडम, एक विचारायचं होतं."

"विचारा सिस्टर."

"आमच्याकडं पण पूजा झाली होती. तुम्ही होतात. मी स्वतः अक्षता वाहिल्या. त्या दिवसानंतर मी या बॅगेला हात लावला नाही, दुसरीला लावू दिला नाही." त्यांचा आवाज एकदम साधा होता, वर्गात शंका विचारतात तसा. "मग ही एवढी स्वच्छ कशी?"

सगळ्या वळून बघायला लागल्या.

"तुम्ही नळावर होतात," त्या म्हणाल्या.

"होते."

"काय निघालं होतं?"

वाटलं, अजूनही काही नाही म्हणता येईल. हळद म्हणता येईल, फूल म्हणता येईल. खिडकीजवळच्या त्या सिस्टरनं आपला कागद हातानं झाकला होता, आणि तो हात बघून मला माझं उत्तर मिळालं.

"तांदूळ," मी म्हणाले.

"किती?"

"एकच दाणा, सिस्टर."

त्या खाली बसतील, पडतील, असं वाटून दोघीतिघी त्यांना धरायला सरसावल्या. त्यांनी त्यांचे हात बाजूला केले. बॅग उचलली आणि बाकांमधून चालत सगळ्यांच्या पुढे आल्या, माझ्या टेबलापाशी. ती माझ्यासमोर ठेवली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण ते त्यांनी पुसलं नाही.

"पुन्हा उघडून दाखवा," त्या म्हणाल्या. "जरा वर धरा. मागच्यांना दिसत नाही."